व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशिन) घेण्याचा विचार आहे, रिपोर्टमध्ये तीन वर्षांत वसुली दिसते. कॅश फ्लो लावून तपासायचं कसं?

भोसरी_मशिनशॉप

भागीदारी फर्म आहे, भोसरीत जॉबवर्क करतो. एका ग्राहकाकडून अॅल्युमिनियम हाउसिंगचं काम येतंय. कास्टिंग त्यांचं, मशिनिंग आपलं, नगाला ८० रुपये. शेड्यूल महिन्याला ३,००० नगांचं, पण पीओ (खरेदी ऑर्डर) ओपन आहे, म्हणजे किमान किती उचलणार हे लेखी नाही. पेमेंट ९० दिवसांनी. मॉडेल पाच वर्षं चालेल असं ते सांगतात.

त्यासाठी ८५० साइजचं नवीन व्हीएमसी घ्यावं लागेल. मशिन ३८ लाख अधिक १८ टक्के जीएसटी. शिवाय टूलिंग, फिक्स्चर, स्टॅबिलायझर, फाउंडेशन, हायड्रा क्रेन वगैरे मिळून ६ लाख अधिक जीएसटी.

बँकेसाठी बनवलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असं आहे:

नग महिन्याला २,९००, वार्षिक जमा २७.८४ लाख
दोन ऑपरेटर ४.८० लाख
प्रोग्रॅमरचा अर्धा पगार १.८० लाख
शेडभाड्याचा वाटा १.८० लाख
वीज २.४० लाख, टूल १.०४ लाख, देखभाल १.०० लाख
शिल्लक १५.०० लाख

४४ भागिले १५, म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. बँक मशिनच्या किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे २८.५० लाख, १०.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. स्वतःचे १६ लाख आहेत. सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट १० लाखांची, त्यातले ७ लाख कायम वापरात असतात.

काही गोष्टी रिपोर्टमध्ये नाहीत. प्रोग्रॅमर आधीपासून आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे. शेडचं भाडंही तेच राहणार. ज्या कोपऱ्यात मशिन बसेल तिथे शेजारच्या युनिटचा माल असतो, त्याचे महिन्याला ८,००० मिळतात. सॅम्पल आणि पीपॅपवर (ग्राहकाची उत्पादन-मंजुरी) ९०,००० खर्च होऊन गेलेत.

हा तीन वर्षांचा आकडा धरून चालावं का? कॅश फ्लो मांडायचा तर कुठून सुरुवात करायची?

---

ताळेबंद_वाचक

तीन वर्षांचा आकडा बाजूला ठेवा. त्यात नग फुगवलेत, जीएसटी आणि उधारी धरलेली नाही, कर नाही, आणि जो खर्च मशिन घेतलं काय नाही घेतलं काय होणारच आहे तो मात्र धरलाय. चुका दोन्ही बाजूंनी आहेत, पण एकमेकींना फेडत नाहीत.

आधी नग, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. २,९०० आले कुठून? ४०० तास, सात मिनिटांचा सायकल टाइम, ८५ टक्के कार्यक्षमता. सात मिनिटं हा स्पिंडलचा वेळ झाला. नग काढणं, फिक्स्चरवर हवा मारणं, पॅड पुसणं, नवा नग बसवून क्लॅम्प करणं याला दीड मिनिट धरा. म्हणजे फ्लोअर-टू-फ्लोअर, एका नगाचा एकूण वेळ, साडेआठ. शिफ्ट आठ तासांची असली तरी जेवण आणि चहा वजा जाता सव्वासात उरतात. २५ दिवस, दोन शिफ्ट: ३६२ तास. टूल बदल, ऑफसेट, तपासणी, लाइट जाणं, ऑपरेटर न येणं यासाठी २० टक्के सोडले की २९० तास. २९० गुणिले ६० भागिले साडेआठ म्हणजे साधारण २,०५०, आणि रिजेक्शन व इतर गळती धरून बिलात येणारे २,०००.

आता खर्च. नियम एकच: मशिन घेतल्यामुळे जो पैसा नव्याने बाहेर जाईल किंवा यायचा बंद होईल तेवढाच मोजायचा. प्रोग्रॅमरचा अर्धा पगार काढा, शेडचा वाटा काढा. ९०,००० गेलेत, ते ‘घेऊ’ म्हटलं तरी परत येत नाहीत आणि ‘नको’ म्हटलं तरी नाहीत, त्यांना या हिशेबात जागा नाही. उलट कोपऱ्याचे ८,००० बंद होणार, म्हणून वर्षाचे ०.९६ लाख धरा. एक खर्च रिपोर्टमध्ये औषधालाही नाही, तो म्हणजे मशिनिंग रिजेक्शनची डेबिट नोट. कास्टिंग ग्राहकाचं असलं तरी बोअर ओव्हरसाइज गेला की किंमत तुमच्या नावावर पडते. कास्टिंग ३५० रुपयांचं धरलं आणि एक टक्का रिजेक्शन, तर वर्षाचे ०.८४ लाख.

वार्षिक हिशेब, लाखांत:

जमा १९.२०
ऑपरेटर ४.८०
वीज २.४०
टूल, नगाला ३ रुपये, ०.७२
कूलंट, तेल, एएमसी १.००
रिजेक्शन डेबिट ०.८४
बंद झालेलं भाडं ०.९६
विमा ०.२०
करापूर्वी हातात ८.२८

पंधराचे सव्वाआठ झाले.

सुरुवातीला बाहेर जाणारा पैसा फक्त ४४ नाही. जीएसटी ७.९२ लाख आधी द्यावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण ते तुमच्या विक्रीवरच्या करातून हळूहळू फिटतं. नव्या कामावर महिन्याला २८,८०० जीएसटी लागेल. जुन्या कामावर सध्या रोख भरत असाल महिन्याला ६०,०००, असं धरलंय, तर नऊ महिन्यांत क्रेडिट संपेल. जुन्या कामात रोख जीएसटी जवळपास भरावाच लागत नसेल तर हेच ७.९२ लाख दोन वर्षांहून जास्त अडकतील. त्यामुळे ६०,००० हा आकडा स्वतःच्या रिटर्नमधून तपासून घ्या.

उधारी: महिन्याचं बिल जीएसटीसह १,८८,८००. तीन महिन्यांचं ५.६६ लाख. वीज आणि टूलवाल्याची थोडी उधारी वजा करून ५.४० लाख खेळतं भांडवल.

फर्मचा कर ३० टक्के अधिक ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. भागीदारांचा पगार आणि व्याज इथे धरलेलं नाही. घसारा रोख जात नाही, म्हणून तो खर्चात नको, पण कर काढताना हवा. ४४ लाखांवर १५ टक्के, घटत्या शिलकेने: ६.६०, ५.६१, ४.७७, ४.०५, ३.४५.

पाच वर्षांनी मशिन १४ लाखांना विकलं जाईल असं धरू. सवलतीचा दर (पुढचे पैसे आजच्या मूल्यात आणायचा दर) १२ टक्के: कर्जाचा खर्च करानंतर ७.२ टक्के, स्वतःच्या पैशावर अपेक्षा २० टक्के, ७०:३० ने ११ येतात, एक टक्का ओपन पीओच्या जोखमीसाठी. खाली दर वर्षाचा पहिला आकडा म्हणजे ८.२८ वजा कर.

वर्ष ०: −४४.०० −७.९२ −५.४० = −५७.३२
वर्ष १: ७.७६ + परत आलेला जीएसटी ७.९२ = १५.६८, आजचं मूल्य १४.००
वर्ष २: ७.४५, आजचं मूल्य ५.९४
वर्ष ३: ७.१८, आजचं मूल्य ५.११
वर्ष ४: ६.९६, आजचं मूल्य ४.४२
वर्ष ५: ६.७७ + १४.०० + ५.४० = २६.१७, आजचं मूल्य १४.८५

बेरीज ४४.३२. वजा ५७.३२. एनपीव्ही (आजच्या मूल्यातली निव्वळ शिल्लक) उणे १३ लाख. आयआरआर (गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा) तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एफडी बरी.

हे सगळं शून्यावर यायला, नग २,००० च राहिले तर, दर १०३ रुपये हवा. ८० ला नाही.

एक्सेलमध्ये करताना: एनपीव्ही फंक्शन दिलेल्या पहिल्या आकड्यालाच एक वर्षाची सूट लावतं. म्हणून वर्ष शून्याचा आकडा कंसाबाहेर ठेवून नंतर मिळवायचा. तो आत टाकला की उणे उत्तर आहे त्यापेक्षा गोड दिसतं, आणि बँकेत जाणाऱ्या शीट्समध्ये ही चूक सर्रास असते.

---

भोसरी_मशिनशॉप

नीट समजलं. रोख जीएसटी पाहिला, ५५ ते ६५ हजार जातो, तेव्हा ६०,००० बरोबर आहे. दोन शंका. हप्त्यातलं व्याज कुठेच धरलेलं दिसत नाही, ते का? आणि १०३ ग्राहक ऐकणारच नाही, फार तर ८३-८४. मग विषय संपला का?

---

ताळेबंद_वाचक

व्याज १२ टक्क्यांच्या आत आहे. खर्चातही धरलं तर एकच पैसा दोनदा वजा होईल. हप्त्यातली मुद्दलही धरायची नाही, कारण मशिनची पूर्ण किंमत वर्ष शून्यात आलीच आहे. एनपीव्ही प्रश्न विचारतो की हे काम करण्यालायक आहे का. हप्ता झेपेल का, हा वेगळा प्रश्न आणि त्याला वेगळी शीट, महिनेवार.

दुसऱ्या शंकेवर एवढंच सांगतो की नग किती निघतात यावर सगळं फिरतंय. शॉपवाले कुणीतरी बोलतील.

---

फिक्स्चर_आणि_फीड

बोलतो. सात मिनिटांच्या सायकलमध्ये टूल चेंज किती आहेत? हाउसिंगला साधारण आठ-दहा टूल लागतात. एक नग बांधून प्रत्येक टूल बोलावणं म्हणजे वेळ हवेत घालवणं. टू-अप फिक्स्चर करा: एका क्लॅम्पिंगमध्ये दोन नग, एक टूल दोन्हींवर फिरवायचं, मगच बदलायचं. टूल चेंज आणि रॅपिडचा (कटिंग नसताना सरकण्याचा) वेळ विभागला जातो. दोन नगांना कटिंग साडेबारा मिनिटं, लोडिंग दोन, म्हणजे नगाला सव्वासात. त्याच २९० तासांत २,४०० निघतात, बिलात २,३७० धरा. फिक्स्चर दीड लाखाने महाग होईल. ताळेबंदच्या पद्धतीने मोजलं तर एनपीव्ही सव्वासहा लाखांनी सुधारतो. दीड लाखात एवढं देणारं दुसरं काही तुमच्या यादीत नाही.

पण टेबलावर दोन नग बसून एक्स ट्रॅव्हल (टेबलाची आडवी हालचाल) पुरतो का, हे मशिन बुक करण्याआधी मॉडेलवर तपासा. अॅल्युमिनियममध्ये दुसरी भानगड चिप्सची. लोकेटिंग पॅडवर एक बारीक चिप राहिली की नग तिरका बसतो आणि बोअरची परपेंडिक्युलॅरिटी (काटकोन) जाते. टू-अपला पॅड दुप्पट, धोकाही दुप्पट. पॅडमधून एअर ब्लो द्या, जमलं तर एअर सीट चेक (नग पॅडला नीट टेकला का ते हवेने तपासणं) लावा. नाहीतर एक टक्क्याचं रिजेक्शन तीन होतं. दोन टक्के वाढले की त्याच ३५० च्या कास्टिंगने वर्षाला पावणेदोन-दोन लाख गिळले समजा. फिक्स्चरचा निम्म्याहून जास्त फायदा त्यातच जातो.

दुसरा मार्ग तिसऱ्या शिफ्टचा. साध्या फिक्स्चरवर आणखी १,००० नग. एका नगामागे टूल आणि डेबिट वजा जाता ७३.५० उरतात, त्यातून तिसरा ऑपरेटर २०,००० आणि वीज १०,००० काढली तरी महिन्याला ४३,५०० सुटतात. मशिनची किंमत तीच, म्हणून एनपीव्ही ११.७ लाखांनी वर येतो आणि उणे १.३ वर थांबतो. दर फक्त दीड रुपया वाढला तरी शून्यावर येतो. म्हणून ८३ मिळत असतील तर ते क्षुल्लक नाहीत, पण तीन शिफ्ट भरल्या तरच.

मात्र टू-अप आणि तिसरी शिफ्ट यांचे फायदे एकमेकांत मिळवू नका. शेड्यूल ३,००० चं आहे, तुम्ही ३,५०० काढले तर घेणार कोण? टू-अप असेल तर ३,००० नग ३६६ तासांत होतात, म्हणजे पूर्ण तिसरी शिफ्ट नको, रोज तीन तास ओव्हरटाइम पुरतो. दुप्पट दराने धरला तरी तिसऱ्या माणसापेक्षा स्वस्त. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा तेवढी पाहा. हे सगळं जुळवलं की ८० रुपयांतच हिशेब शून्याच्या जेमतेम वर येतो, आणि महिन्याचे साठ-सत्तर तास दुसऱ्या कामाला मोकळे राहतात. कमाई त्या मोकळ्या तासांत आहे.

---

सीए_निगडी

एनपीव्ही झाला, आता पैसे पुरतात का ते पाहू, कारण चांगले प्रोजेक्टही पहिल्या आठ महिन्यांत आडवे होतात.

२८.५० लाखांवर हप्ता ६१,२५०. महिन्याला हातात करापूर्वी ६९,०००. उरले पावणेआठ हजार, त्यातून कर. डीएससीआर (वर्षाच्या हप्त्यांच्या किती पट पैसा हातात येतो) काढा: रिपोर्टप्रमाणे पहिल्या वर्षी १.८०, म्हणून बँक खूश. दोन शिफ्ट आणि २,००० नग धरले तर १.१३. बँका सहसा १.२५ च्या खाली नाक मुरडतात. खरे आकडे ठेवले असते तर कर्ज या रूपात मंजूरच झालं नसतं, आणि ते तुमच्याच भल्याचं होतं.

महिनेवार मांडणी. पहिल्या दिवशी ४४ अधिक ७.९२ वजा कर्ज २८.५० म्हणजे २३.४२ लाख स्वतःचे. पहिला महिना इन्स्टॉलेशन आणि लेव्हलिंग, दुसरा ट्रायल आणि मंजुरी, तिसऱ्यात अर्धं उत्पादन, चौथ्यापासून पूर्ण. तिसऱ्या महिन्याच्या बिलाचे पैसे सहाव्याच्या अखेरीस. तोपर्यंत ऑपरेटर, वीज, टूल आणि बंद झालेलं भाडं मिळून ४.७७ लाख, दुसऱ्या महिन्यापासून पाच हप्ते ३.०६ लाख. जीएसटी क्रेडिटमुळे जुन्या कामावरचे रोख ६०,००० वाचतात, त्याचे ३ लाख मिळवा. सहाव्या महिन्याच्या तळाला खड्डा २८.२५ लाखांचा.

तुमच्याकडे १६ अधिक सीसीतले उरलेले ३, एकूण १९. नऊ लाख कमी. आणि ते ३ सुद्धा धरू नयेत. सीसी लिमिट माल आणि उधारीसाठी असते. मशिनचं मार्जिन (स्वतःचा वाटा) त्यातून भरलं की लिमिट कायमची वर टेकते. मग एका ग्राहकाचं पेमेंट पंधरा दिवस लांबलं तरी पगाराला पैसे नसतात. बहुतेक युनिटं नफ्यात असताना अडकतात ती इथे.

मागण्यासारख्या गोष्टी: सहा महिन्यांचा मोरेटोरियम, त्यात फक्त व्याज भरायचं. मुदत पाचऐवजी सात वर्षं. टूलिंगचे ६ लाखही टर्म लोनमध्ये. हाउसिंगसाठी खास फिक्स्चर आहे, त्याचे पैसे ग्राहकाने द्यावेत किंवा नगामागे वेगळी रक्कम लावून फेडावेत. तसं झालं तर ते फिक्स्चर त्यांच्या मालकीचं ठरतं, पण त्यात वाईट काही नाही, दुसऱ्या कामाला ते चालणारच नाही.

९० दिवसांबद्दल. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला कायद्याने ४५ दिवसांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, करारात काहीही लिहिलं तरी. उशिराच्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय उशिरा दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. कागदावर एवढी ताकद असूनही कोणी ग्राहकावर दावा लावत नाही, उघड आहे. व्यवहारात चालतं ते ट्रेड्स, म्हणजे बिलावर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, तुमचा ग्राहक त्यात बसत असेल तर विचारा. ग्राहकाने बिल स्वीकारलं की फायनान्सर बोली लावतो, पैसे दोन-तीन दिवसांत, आणि पुढे ग्राहकाने बुडवलं तरी तुमच्याकडे वसुली येत नाही. दर ९ टक्के धरला तर ९० दिवसांसाठी महिन्याच्या बिलावर ४,२०० च्या आसपास खर्च.

इथे एक गंमत पाहा. उधारी ९० वरून ४५ वर आली तर एनपीव्ही फक्त १.२ लाखांनी सुधारतो. म्हणजे वाईट सौदा त्याने चांगला होत नाही. पण रोखीचा खड्डा २.८ लाखांनी उथळ होतो. दोन्ही शीट वेगळ्या ठेवायच्या त्या याचसाठी.

कराचं थोडक्यात. मशिन ३ ऑक्टोबरनंतर वापरात आलं तर त्या वर्षी घसारा निम्मा. ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं त्या रकमेवर घसारा नाही. नव्या यंत्रावर २० टक्के जादा घसारा बसत असेल तर पहिल्या वर्षी २.७५ लाख कर वाचतो, पण पुढच्या वर्षांत घसारा तेवढा कमी होतो. पाच वर्षांत निव्वळ फायदा दीड लाखाचा. जॉबवर्कला तो लागू करताना तुमच्या सीएला कामाचं स्वरूप नीट सांगा. आणि ‘कर वाचेल म्हणून मशिन घेऊ’ हे मार्चमधलं वाक्य कृपया नको.

---

स्पिंडल_तास

मला ही उणे १३ ची भीती जरा जास्त वाटते. मशिन पाच वर्षांनी विकायचंच कशाला? व्हीएमसी दहा वर्षं सहज चालतं. मॉडेल संपलं तर दुसरं काम येईल. जॉबवर्कवाल्याची क्षमता हीच त्याची पत, मशिन दिसलं की ग्राहक येतो.

---

ताळेबंद_वाचक

रास्त मुद्दा, म्हणून दहा वर्षं धरून पाहिलं. तोच दर, तेच २,००० नग, अखेरीस मशिनचे ५ लाख आणि उधारी परत. एनपीव्ही उणे ७.६ लाख. स्पिंडल ओव्हरहॉल, बॉलस्क्रू, कंट्रोलरचा ड्राइव्ह यातलं काहीही न धरता. वर्षं वाढवून सौदा सुधारत नाही, कारण मूळ महिन्याची कमाईच अपुरी आहे.

शिवाय मी दर आणि पगार पाच वर्षं स्थिर ठेवलेत, ते उदारपणाचं आहे. वाहन उद्योगातले ग्राहक दरवर्षी कॉस्टडाउन (दरकपात) मागतात. दर वर्षाला २ टक्क्यांनी उतरला आणि पगार ८ टक्क्यांनी चढला तर पाचव्या वर्षी हातात ८.२८ नाही, ५.०६ लाख येतात. हे दोन आकडे वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि हलवून पाहा. कोणता आकडा हलवल्यावर उत्तर सर्वात जास्त हलतं, ते कळलं की वाटाघाटी कशावर करायच्या तेही कळतं. प्रत्येक आकडा प्रत्यक्षात जेवढा हलू शकतो तेवढा धरला तर इथे क्रम असा: नग, मग दर, मग पुनर्विक्री. व्याजदर बराच खाली. एक टक्का व्याजासाठी तीन बँका फिरणारे आपण लोक, पण साडेआठ मिनिटांतलं दीड मिनिट कोणी घड्याळ लावून मोजत नाही.

‘दुसरं काम येईल’ हे धरायचं असेल तर तासांत धरा: कोणतं काम, किती तास, काय दर. तसं लिहिता येत नसेल तर शून्य धरा.

---

भोसरी_मशिनशॉप

ट्रायलचे नग दुसऱ्याच्या मशिनवर काढले होते, तिथे फ्लोअर-टू-फ्लोअर नऊ मिनिटांच्या पुढे होता. म्हणजे साडेआठही टू-अपशिवाय कठीण. शेजारच्या गल्लीतला एक शॉपवाला ७० रुपयांत नग करून द्यायला तयार आहे, त्याच्याकडे मशिन रिकामं आहे. तो पर्याय कमीपणाचा वाटतो म्हणून लिहिला नव्हता.

---

सीए_निगडी

तोच पर्याय आधी मांडायला हवा होता, कारण व्हीएमसीची तुलना ‘काम सोडून देणं’ याच्याशी नाही, याच्याशी आहे. ८० वजा ७०, दहा उरले. वाहतूक, तपासणी आणि तुमच्या माथी येणारं रिजेक्शन यात तीन गेले. सात रुपये गुणिले २,०००, महिन्याला १४,०००. त्याला ३० दिवसांनी पैसे द्यायचे आणि तुम्हाला ९० दिवसांनी मिळणार, म्हणजे दोन महिन्यांचं जीएसटीसह ३.३० लाख अडकणार. करानंतर पाच वर्षांचा एनपीव्ही अधिक २.७ लाख. स्वतःचं मशिन उणे १३, बाहेरून करून घेणं अधिक २.७. सध्याच्या आकड्यांवर दोन्हींत १५ लाखांहून जास्त फरक आहे.

ग्राहकाची मात्र लेखी परवानगी घ्या. पीपॅप ज्या मशिनवर मंजूर झालं ते बदललं की पुन्हा करावं लागतं आणि काही ग्राहक सबकॉन्ट्रॅक्टिंगला मनाई करतात. कास्टिंग तुमच्याकडून पुढे जाणार, तर डिलिव्हरी चलनाचा माग ठेवा. फिक्स्चर तुमचं असू द्या, उद्या उचलून आपल्या मशिनवर आणता येईल.

---

फिक्स्चर_आणि_फीड

आणि ते फिक्स्चर टू-अपच करा. सहा महिने त्याच्या मशिनवर चालवलं की तीन आकडे फुकटात खरे मिळतात: फ्लोअर-टू-फ्लोअर, रिजेक्शन, आणि ग्राहक ३,००० पैकी प्रत्यक्षात किती उचलतो. शेड्यूल ३,००० आणि उचल १,४०० हे काही नवलाचं नाही.

उचल सलग २,८०० च्या वर राहिली तर तेव्हा मशिनचं बोला. जुनं व्हीएमसीही पाहा, पण स्पिंडल रनआउट (फिरताना किती डगमगतो), बॉलबार टेस्ट (हालचालीची अचूकता) आणि त्या कंट्रोलरचे कार्ड-ड्राइव्ह अजून मिळतात का, हे तिन्ही तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. जुन्यासाठी ताळेबंदच्या शीटमध्ये देखभाल दुप्पट आणि २० टक्क्यांच्या जागी ३० टक्के बंद वेळ धरा.

---

भोसरी_मशिनशॉप

ठरलं, व्हीएमसीचं कोटेशन थांबवतो. ग्राहकाला मेल टाकतोय: सबकॉन्ट्रॅक्टिंगची परवानगी, टू-अप फिक्स्चरचा खर्च त्यांनी द्यावा, आणि ट्रेड्सवर बिल स्वीकारणार का. दर ८४ मागतो. किमान उचल २,५०० लेखी देत असतील तर ८२ पर्यंत येईन. शीटमध्ये २,५०० आणि ८२ टाकून मशिनचा पर्याय पुन्हा चालवतो, उत्तर आलं की इथेच टाकतो.

---

ताळेबंद_वाचक

टाकताना खेळतं भांडवलही बदला. नग वाढले की ५.४० तसंच राहत नाही: २,५०० आणि ८२ ला महिन्याचं बिल जीएसटीसह २,४१,९००, तीन महिन्यांचं ७.२६ लाख. शीट दुसऱ्यांदा चालवताना हा सेल हमखास जुनाच राहतो.